रिजेक्शनचा फळा

डिसेंबर 2022. समोर बसलेल्या गृहस्थांनी नाव सांगायच्या आधीच ईसीजीचा कागद टेबलावर ठेवला. "मॅडम, हार्टचं काही न्हाई म्हणालेत डॉक्टर. मग छातीत धरतंय ते काय?"

वय 47. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कोअर शॉप या खात्याचे सुपरवायझर. त्याच कंपनीत 19 वर्षं. कामगार त्यांना मामा म्हणतात, मीही इथे तेच म्हणणार आहे. हे सगळं त्यांच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

त्याआधी दोन महिने ते आम्लपित्ताच्या गोळ्या खात होते. मग बीपी वाढलं, मग ईसीजी झाला. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी त्यांना एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि औषधं सुरू झाल्यावर तिथून ते समुपदेशनासाठी माझ्याकडे आले. पहाटे साडेतीनला जाग यायची, पुन्हा डोळा लागायचा नाही. जेवण निम्म्यावर आलेलं. मला सगळ्यात जास्त सांगून गेली ती छातीत धरण्याची वेळ. सकाळी तावडे हॉटेलपाशी गाडी महामार्गाला लागली आणि पंचगंगेचा पूल दिसायला लागला की धरायचं. संध्याकाळी घरी येताना त्याच पुलावर काहीच व्हायचं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत माणूस बरा, चार वाजले की हाताला घाम.

प्रश्नावल्यांचे आकडे नोंदवून ठेवते: पीएचक्यू-9 वर 27 पैकी 17, जीएडी-7 वर 21 पैकी 14. म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र, चिंता मध्यम. आधी कधी मानसिक आजार नाही, दारू नाही, घरात भांडणं नाहीत. 2019 आणि 2021 असे दोन्ही महापूर त्यांनी बघितलेले. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आल्यावर आत अडकलेल्या कामगारांच्या जेवणाची सोय यांनीच लावली होती. लगेच कोलमडणारा माणूस नव्हे.

पीएचक्यूचा नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, मी तोंडी विचारते, कागदावर सोडून देत नाही. "झोपलो तर उठूच नये असं वाटतंय," म्हणाले. काही ठरवलंय का, असं थेट विचारलं. नाही म्हणाले. त्यांच्या परवानगीने त्यांच्या पत्नीला, वहिनींना, आत बोलावून हे सांगितलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. ती सेवा तेव्हा नुकतीच, ऑक्टोबरमध्ये सुरू झाली होती.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रातच्याला ह्यांचा फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवते. वरनं झाकण. तरी ह्यांना ऐकू येतोय. वाजत नसला तरी."

फोनवर काय यायचं

फेब्रुवारीत कंपनीत नवे वर्क्स मॅनेजर आले. तरुण, हुशार, पुण्याकडच्या मोठ्या कारखान्यातून आलेले. त्यांनी मशीन शॉपच्या दाराशी एक पांढरा फळा लावला: काल किती माल सदोष म्हणून टाकला, म्हणजे रिजेक्शन, कुणाच्या खात्यात. सकाळी सव्वाआठला सगळ्या सुपरवायझरांनी फळ्यासमोर उभं राहायचं. ज्याचा आकडा मोठा त्याने सदोष कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, हातात धरायचं, त्याचा फोटो निघायचा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायचा. ग्रुपवर 43 माणसं. त्यात मामांच्या हाताखालचे चार जण, स्टोअरचा पोरगा आणि मालकही.

रात्री अकराला मेसेज: "मामा झोपलात का? तुमची लेकरं मेली बघा." सोबत फेटलिंगमधला, म्हणजे कास्टिंग साफ करतात तिथला, सदोष मालाचा ढीग. खाली हसण्याच्या इमोजी.

इथे आमच्या गावाबद्दल थोडं. पुढे ज्यांच्या ज्यांच्याशी बोलले, त्या प्रत्येकाने मला हेच ऐकवलं: "कोल्हापूर हाय मॅडम, शिवी म्हणजे प्रेम असतंय." ते पूर्ण खोटंही नाही. तालमीत, कट्ट्यावर, उद्यमनगरातल्या लेथवर शिवी देऊनच माणूस जवळ केला जातो. मामांनी स्वतः मेस्त्रींच्या शिव्या खाऊनच काम शिकलं आणि त्या मेस्त्रींचं नाव आजही ते हात जोडून घेतात. पण त्या शिवीला उलट शिवी देता येते, खरा फरक तिथे आहे. मेस्त्री शिवी घालायचा आणि दुपारी त्याच डब्यातली भाकरी मोडायचा. फळ्यासमोर उलट बोलायची सोय नव्हती. आणि मेस्त्रीची शिवी दुपारी विरून जायची, ग्रुपवरचा फोटो तसाच राहतो.

ऑक्टोबरमधली खंडेनवमी मामांनी मला तीन वेगवेगळ्या बैठकांत सांगितली, प्रत्येक वेळी नव्याने सांगितल्यासारखी. शॉप धुऊन काढलेलं. कोअर शूटर यंत्राला झेंडूचा हार, पाटावर हातोडी, व्हर्नियर, स्पॅनर, नारळ. पूजा मांडायचा मान 19 वर्षं मामांचाच. हात धुऊन परत आले तर पाटाच्या मधोमध एक ब्लो होल, म्हणजे भोक, पडलेलं कास्टिंग. त्याला हळदकुंकू लावलेलं, भोकात उदबत्ती खोवलेली आणि पुढे खडूने लिहिलेलं, 'मामांचा प्रसाद'. सगळे हसले. "मीबी हसलो," मामा म्हणाले. तिन्ही वेळा ते या वाक्यापाशीच थांबले. त्या हसण्याबद्दल त्यांना स्वतःची जी चीड होती, ती मॅनेजरवरच्या रागापेक्षा मोठी होती.

स्वीडनमध्ये काम केलेले हाइन्झ लेमन हे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी अशा वागणुकीच्या 45 प्रकारांची यादी केली होती आणि आठवड्यातून किमान एकदा, सहा महिने हे घडत असेल तर त्याला कामावरचा छळ म्हणावं, अशी मोजपट्टी दिली. मामांच्या बाबतीत दहा महिने, जवळजवळ रोज. मोजपट्टी कधीच ओलांडली होती. पण फक्त हे सांगून थांबले तर प्रकरण 'वाईट मॅनेजर आणि बिचारा मामा' एवढ्यावर संपतं. मीही पहिले दोन आठवडे तसंच समजत होते. चूक होती ती.

भोक कुणाचं?

तिसऱ्या बैठकीत मी मामांना म्हटलं, फळा बाजूला ठेवा, मला तुमचं काम समजावून सांगा. ते पुढे सरकून बसले, पेन मागितलं, ईसीजीच्याच कागदामागे चित्र काढायला लागले. त्या अर्ध्या तासात ते एकदाही छातीवर हात नेत नव्हते.

कास्टिंगच्या आत जी पोकळी हवी, तिच्या आकाराचा वाळूचा ठोकळा म्हणजे कोअर. त्यांच्याकडे कोल्ड बॉक्स पद्धत: वाळूला रेझिन लावायचं, साच्यात भरायची, त्यातून अमाइनचा वायू सोडला की ती घट्ट होते. हा कोअर मोल्डमध्ये, म्हणजे कास्टिंगच्या वाळूच्या साच्यात, बसवून वरून 1,400 अंशांच्या आसपासचं लोखंड ओतलं की रेझिन जळतं आणि वायू निघतो. वायूला वाट मिळाली नाही तर लोखंडात फुगा राहतो, तो ब्लो होल. म्हणून रजिस्टरमध्ये 'ब्लो होल' लिहिलं की ते आपोआप कोअर शॉपच्या खात्यावर पडायचं. फळ्यावरही.

पण तेच भोक मोल्डच्या वाळूतल्या ओलाव्यानेही पडतं. ओतताना लोखंड थंड झालं असलं तरी पडतं. आणि 2022 च्या उन्हाळ्यात ऑर्डर वाढल्यावर मोल्डिंग लाइनचा वेग वाढवला गेला होता. वाळू फिरून फिरून तीच वापरतात. वेग वाढला की तिला निवायला वेळ मिळत नाही, ती गरमच परत येते. गरम वाळूच्या बंद मोल्डमध्ये थंड कोअर बसला की वाळूतली वाफ कोअरवर दव धरल्यासारखी जमते. त्यावर लोखंड पडलं की व्हायचं तेच होतं.

हॉपर म्हणजे वाळूची टाकी. "हॉपरच्या खाली वाळूत हात घालून बघा म्हटलं मी. हात ठेवता येत न्हाई हो." वाळू 50 अंशांच्या वर गेली की त्रास देते, हे जुन्या माणसाला थर्मामीटरशिवाय कळतं. त्यांनी ते तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा एकच उत्तर: कारणं नकोत, आकडा पाहिजे.

आणखी एक गोष्ट. भट्टी इंडक्शनची, म्हणजे विजेवरची, आणि तेव्हा रात्री 10 ते सकाळी 6 विजेला सवलत होती, म्हणून ओतकाम मुख्यतः रात्री. मामा पहिल्या पाळीला. म्हणजे सव्वाआठला ज्या मालाबद्दल ते फळ्यासमोर उभे असत, तो ओतला जाताना ते घरी होते. कोअर घेणारी, बसवणारी पोरं कंत्राटदाराची. कंत्राटदाराने दोन सराईत माणसं दुसरीकडे हलवली आणि नवी पाठवली, तेव्हा मामांना कुणी विचारलं नाही. मदतनीस ज्युनिअर होता, तो डिस्पॅचला नेला. वाळू त्यांच्या हातात नाही, वेग नाही, तापमान नाही, माणसं नाहीत. सही मात्र त्यांची.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलेलं आहे की कामाची मागणी आणि कामावरचा ताबा या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. मागणी जास्त आणि ताबा कमी अशी जोडी माणसाला आजारी पाडते. नुसतं काम जास्त असणं तेवढं पाडत नाही. मामांनी पूर्वी याहून जास्त काम केलं होतं, दोन-दोन पाळ्या सलग. तेव्हा छातीत धरलं नव्हतं.

मग मॅनेजरचा छळ हा निव्वळ स्वभाव होता का? मला तसं वाटत नाही. भोक कुणाचं हे शोधायला कास्टिंग कापून बघावं लागतं, वाळूचं तापमान नोंदवावं लागतं, लाइन थोडी हळू करावी लागते. त्यात वेळ आणि पैसा जातो. एका माणसाला फळ्यासमोर उभं करायला काहीच लागत नाही. त्या कारखान्यात माणसाचा अपमान ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती होती.

फ्रान्समध्ये यावर निकाल आलेला आहे. फ्रान्स टेलिकॉम या फोन कंपनीने 2006 नंतर 22,000 माणसं कमी करायची म्हणून लोकांना हैराण करून बाहेर पडायला लावणारं धोरण राबवलं. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. डिसेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनी आणि माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांना दोषी धरलं, 2025 च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. अधिकाऱ्याने पीडित माणसाला समोरासमोर छळलं हे दाखवावं लागलं नाही, धोरणच छळाचं असू शकतं हे मान्य झालं. तिकडे मानसिक छळाचा कायदा 2002 पासून आहे.

आपल्याकडे? मामांनीच विचारलं. त्यांच्या ऑफिसात घड्याळाखाली अंतर्गत समितीची पाटी आहे, 2013 च्या कायद्याची. "ते आमाला लागू हाय का?" नाही. तो कायदा महिलांच्या लैंगिक छळासाठी आहे आणि त्या कामासाठी तो हवाच. पण रोजच्या अपमानाला, बाई असो वा बुवा, वेगळा कायदा नाही. कामाच्या जागी हिंसा आणि छळ याबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2019 चा 190 क्रमांकाचा करार आहे, भारताने तो स्वीकारलेला नाही. मामांचा पगार 36,000, म्हणजे ईएसआय या कामगार विमा योजनेच्या तेव्हाच्या 21,000 च्या मर्यादेबाहेर. आणि 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात पर्यवेक्षकाचं काम करणारा, महिना 10,000 च्या वर मिळवणारा माणूस कामगार धरला जात नव्हता. न्यायालयं हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात, त्यामुळे भांडायला जागा होती, असं एका वकिलांनी सांगितलं. मामा हसले. "साहेबबी न्हाई, कामगारबी न्हाई."

बरं होऊन परत जाणं

औषधं लागू पडली. पाच आठवड्यांच्या रजेत झोप आली, भूक आली, पीएचक्यू 17 वरून 8 वर आला. रोज सकाळी रंकाळ्याला एक फेरी. माझ्या मते आम्ही छान काम केलं होतं. जानेवारीच्या शेवटी मामा कामावर रुजू झाले.

नवव्या दिवशी वहिनींचा फोन. पुलाच्या अलीकडे गाडी कडेला लावून मामा तासभर बसून होते.

या नऊ दिवसांनी मला जे शिकवलं ते लिहायला थोडं लाजिरवाणं आहे. मी श्वासाचे व्यायाम दिले होते, 'विचार तपासून बघा' म्हणाले होते. 'सगळे माझ्यावर हसतात' हा विचार आम्ही तपासायला घेतला होता, आणि तो तर खरा होता. 43 जण हसत होते, स्क्रीनशॉट होता. खऱ्या गोष्टीला मी विचारातली चूक म्हणत होते.

मग पद्धत बदलली. मनोविकारतज्ज्ञांनी रजा वाढवून दिली. मामांना मी एक शंभर पानी वही दिली नाही, त्यांच्याकडे आधीच होती. 19 वर्षांची सवय: तारीख, हीट नंबर (भट्टीतल्या त्या ओतीचा क्रमांक), कोअरचा बॅच, हवा दमट की कोरडी. त्यात मे महिन्यापासून त्यांनी वाळू किती गरम हेही लिहिलेलं, अंशांत नव्हे तर 'हात ठेवता येतो / येत नाही' असं. मी शेजारी एक रकाना आखला: त्या दिवशी फळ्यावर काय झालं. ते भरताना रडले. भरून झाल्यावर बराच वेळ पानं उलटत बसले आणि म्हणाले, "हे बघा की. 'येत न्हाई' लिवलंय त्याच्या दुसऱ्या दिवशीच माझा फोटो."

ही वही घेऊन मालकांना भेटायचं मामांनी ठरवलं. मला सोबत चला म्हणाले. माझ्या कामात हे बसतं का, यावर मी आठवडाभर घोळ घातला. गेले. मालकांनी आधी मामांच्या आजाराचा रिपोर्ट मागितला, तो मी दिला नाही. मालक चाळिशीतले, दुसरी पिढी. शेजारी त्यांचे वडील, ज्यांनी कोळशाच्या जुन्या कपोला भट्टीवर सुरुवात केली होती. वही म्हाताऱ्यांनी ओढून घेतली, चष्मा लावून दोन पानं वाचली, आणि मुलाला एवढंच विचारलं, "हॉपरखाली हात घातलास का तू?"

हे फार गोड वाटतंय, म्हणून पुढचंही सांगते. मालक हलले ते मुख्यतः एका ग्राहकाचं ऑडिट तोंडावर होतं आणि रिजेक्शन तसंच होतं म्हणून. फळा काढला नाही, आत नेला. ब्लो होल सापडलं की कास्टिंग कापून तीन खात्यांनी मिळून कारण लिहायचं, असं ठरलं. ग्रुपवर माणसांचे फोटो बंद, रात्री नऊनंतर मेसेज बंद. पहिले दोन महिने पाळलं गेलं, नंतर मेसेज पुन्हा दहापर्यंत गेले. लाइनचा वेग थोडा उतरला, पुढे वाळू निववणारा सँड कूलर आला आणि ब्लो होल कमी झाले. मामांची माफी कुणी मागितली नाही.

मॅनेजर एकदा मला भेटले, स्वतःहून. उपचारासाठी नव्हे, "माझी बाजू सांगायला." त्यांचा निम्मा पगार महिन्याच्या टनांशी बांधलेला होता. आधीच्या कंपनीत त्यांनाही असंच फळ्यापुढे उभं केलं जायचं. "मी तर त्यातूनच तयार झालो," म्हणाले. बोलता बोलता त्यांनी तीनदा फोन उलटा करून ठेवला आणि तीनदा सरळ केला. झोप कशी आहे, असं विचारलं तर उठून गेले. त्यांच्याबद्दल मला आजही राग आहे. पण हा माणूस गेला असता आणि वेग, वाळू, पाळी, सही हे सगळं तसंच राहिलं असतं, तर दुसरा फळा लागला असता, हेही मला माहीत आहे.

मामा एप्रिलमध्ये परत रुजू झाले, चार महिने काढले, ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. आजारी पडून नाही. पीएचक्यू 5 होता. "आता राग येतोय, आधी भ्या वाटायचं," म्हणाले. गोकुळ शिरगावच्या एका लहान फाउंड्रीत 31,000 वर लागले. पाच हजार कमी, मुलाच्या पॉलिटेक्निकची फी अजून दोन वर्षं. जायचा रस्ता उजळाईवाडीवरून, वाटेत पंचगंगेचा पूल लागत नाही. तिथे वाळूची चाचणी मामाच बघतात.

औषधं मनोविकारतज्ज्ञांनी हळूहळू कमी करून 2024 मध्ये थांबवली. शेवटच्या बैठकीला वहिनीही आल्या होत्या. खंडेनवमीला नव्या ठिकाणी पूजा कुणी मांडली, असं मी विचारलं. मालकाने मामांनाच सांगितली होती. मामांनी पाट मांडला, हत्यारं ठेवली, आणि आरती संपेपर्यंत पाटाजवळून हलले नाहीत. हात धुवायलाही गेले नाहीत.

फोन अजून रात्री तांदळाच्या डब्यातच असतो. "पहाटेचा गजरबी त्यातच वाजतोय," वहिनी म्हणाल्या, "झाकण काढून बंद करायचा."